पांढऱ्या उंदराचं टोपडं

गोंदिया जिल्ह्यात उंदीर दोन ठिकाणी भेटतो. एक धानाच्या बांधीत, धुऱ्यातल्या बिळात. दुसरा फार्मसी शिकवणाऱ्या कॉलेजांच्या प्राणिगृहात, प्लास्टिकच्या पिंजऱ्यात. पहिला दिसला की काठी शोधली जाते. दुसऱ्याला वजनकाट्यावर ठेवून त्याच्या वजनाची वहीत नोंद होते. गंमत अशी, की दुसऱ्याच्या पिंजऱ्यात अंथरलेलं असतं ते बहुतेक वेळा धानाचं तूस. ज्या दाण्यासाठी पहिला जीव धोक्यात घालतो, त्याच्याच सालीवर दुसरा लोळत असतो.

पहिल्याचा रंग कुणी विचारला तर नेमका सांगता येत नाही. उन्हात तपकिरी, सावलीत राखाडी, ओल्या मातीवर असला तर मातीसारखाच. दुसऱ्याचं सोपं आहे. पांढराशुभ्र अंगरखा, गुलाबी शेपूट, माणकासारखे लाल डोळे. बघणाऱ्याला वाटतं, आपल्याच उंदराला धुऊन काढलंय. तसं नाही. हे दोघे सख्खे काय, चुलतही म्हणवत नाहीत. बांधीत बिळं खणून लोंब्या साठवते ती छोटी घूस. कौलांखालून रात्री धावतो तो घरउंदीर, शास्त्रीय नाव रॅटस रॅटस. प्रयोगशाळेतला आणि हौसेनं पाळला जाणारा पांढरा उंदीर तिसऱ्याच जातीचा, रॅटस नॉर्वेजिकस. नाव नॉर्वेचं असलं तरी त्याचं मूळ उत्तर चीन-मंगोलियाच्या बाजूचं. जहाजांतून तो जगभर पसरला. बिकानेरजवळच्या देशनोकला करणीमातेच्या मंदिरात हजारो ‘काबा’ फिरतात आणि त्यांतला पांढरा दिसला तर भाग्य उजळलं असं मानतात. तो पांढरा मात्र घरउंदरातला आहे. त्याच्या पांढरेपणाचा आणि प्राणिगृहातल्या पांढरेपणाचा नात्यानं काही संबंध नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. बैलाचा रंग शेजाराच्या संगतीनं बदलत नाही हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या असलेल्या जोड्या बघून कोण कुणाच्या पोटचा ते सांगणारी माणसं अजून आहेत. पण या म्हणीत वाण आणि गुण वेगवेगळे धरले आहेत. रंग वरचा, स्वभाव आणि प्रकृती आतली. उंदरांच्या रंगांचा अभ्यास करताना नेमकं हेच गृहीतक डळमळलं. वाणाबरोबर गुणही येतो, कधी चांगला आणि कधी जीवघेणा. शिवाय एका वाणाखाली दुसरा वाण दडून बसलेला असतो.

सुरुवात बांधीतल्या उंदराच्या त्या न सांगता येणाऱ्या रंगापासून करू. त्यासाठी मेलेल्या उंदराला हात लावायची गरज नाही, लावूही नका. घरात करडी पट्टेवाली मांजर असेल तर गोधडीवर पडलेला तिच्या पाठीचा एक केस उचला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरा. केस एकरंगी नसतो. टोक काळं, त्याखाली पिवळसर पट्टा, मग पुन्हा काळसर. ससा, हरिण, लांडगा, उंदीर, कितीतरी जनावरांच्या पाठीचे केस असेच असतात. लाखो केसांचे काळे-पिवळे तुकडे लांबून एकत्र दिसतात आणि डोळ्याला माती दिसते. दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या कृंतक प्राण्यावरून या रंगाला ‘अगूटी’ म्हणतात. उंदीर पाळणारे हौशी लोकही रानटी रंगाला हाच शब्द वापरतात.

हा पट्टा पडतो कसा? केसाच्या मुळाशी रंगपेशी असतात. त्या काळं रंजकद्रव्य तयार करून वाढत्या केसात भरत राहतात. रंगपेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो, कळ समजा. ती दाबलेली असेपर्यंत काळं निघतं. केस वाढत असताना मधेच थोडे दिवस शेजारच्या पेशी एक प्रथिन सोडतात. ते त्या कळीवर जाऊन बसतं, काळं थांबतं आणि पिवळं निघायला लागतं. प्रथिन ओसरलं की पुन्हा काळं. बस, एवढंच. हे प्रथिन बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे त्याला अगूटी जनुकच म्हणतात.

पाळीव उंदरांमध्ये या जनुकातली डीएनएची १९ अक्षरं गळून गेलेला एक प्रकार आहे. १९ अक्षरांनी अख्खं वाक्य बिघडतं आणि आडवं येणारं प्रथिन तयार होत नाही. केस मुळापासून टोकापर्यंत काळा. पण आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच पिल्लू काळं होतं. एक जरी प्रत धड असली तरी तिचं प्रथिन पुरतं आणि उंदीर करडाच राहतो. शाळेच्या पुस्तकात याला अप्रभावी गुण म्हणतात. म्हणून दोन करड्या उंदरांच्या पोटी काळं पिल्लू निघालं तर शेजाऱ्याच्या उंदरावर संशय घेऊ नये.

गोंदियाच्या माणसाला याची गोडी उंदरापेक्षा दुसऱ्या जनावरामुळे जास्त लागेल. २०२२ च्या सुरुवातीला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात काळा बिबट दिसल्याची चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. त्याआधी २०१८ मध्ये ताडोबात तसाच एक दिसला होता. काळा बिबट ही वेगळी जात नाही. तिरप्या उन्हात पाहिला तर काळ्यावर काळे ठिपकेही दिसतात. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी काळ्या बिबट्याचा जनुकीय पत्ता शोधला तेव्हा बोट जाऊन थांबलं ते याच अगूटी जनुकावर. तिथे १९ अक्षरं गळालेली नाहीत, एकच अक्षर बदललंय. परिणाम तोच, आणि तोही अप्रभावीच. नागझिऱ्यात ज्याच्यासाठी लोक जिप्सी लावून तासन्‌तास बसतात आणि दुकानातल्या पिंजऱ्यात जो काळा उंदीर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला असतो, दोघांचा रंग एकाच ठिकाणच्या बिघाडातून आलेला आहे. जनावराची किंमत आपण ठरवतो, जनुकाला ती माहीत नसते.

आता पांढरा.

गोंदिया, आमगाव, तिरोडा भागात राइस मिल बघितलेली नाही असा माणूस विरळा. शेलर तूस काढतो, पॉलिशर कोंडा काढतो, चाळण्या कणी वेगळी करतात. समजा मिलची मुख्य मोटारच जळाली. मग पॉलिशर नवा आहे का जुना, चाळणी जाड का बारीक, या चौकशीला काही अर्थ उरत नाही. मिलमधून काहीच बाहेर येणार नाही. रंगपेशीतली ती मोटार म्हणजे टायरोसिनेज नावाचं एन्झाइम. काळं असो वा पिवळं, दोन्हींची पहिली पायरी यालाच चढावी लागते. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या टायरोसिनेजमध्ये २९९ व्या जागेवरचा एक घटक बदललेला आहे. आर्जिनीनच्या जागी हिस्टिडीन आलाय. मोटार बंद. केसात रंग नाही, कातडीत नाही, डोळ्याच्या पडद्यातही नाही. डोळे लाल दिसतात ते आतल्या रक्तामुळे.

अर्धी बिघडलेली मोटारही असते. अंग गरम असेल तिथे ती फिरत नाही, थंड भागात फिरते. अशा उंदराचं अंग दुधाळ राहतं आणि नाक, कान, पाय, शेपटीचं बूड तपकिरी होतं. हाच प्रकार सयामी मांजरात आहे, म्हणून या उंदरांनाही सयामी म्हणतात. पिल्लू जन्मतं तेव्हा आईच्या पोटातल्या उबेमुळे कुठेच रंग नसतो, नंतर हळूहळू उतरतो. थंडीत वाढलेल्याचा गडद होतो, उन्हाळ्यात वाढलेल्याचा फिका. मे महिन्यातल्या विदर्भात हा रंग विकायला काढणाऱ्यानं आधी गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवावं.

मोटारीच्या उपमेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मोटार बंद आहे, पण पुढची यंत्रं जागेवर आहेत. म्हणजे पांढरा उंदीर आतून करडा असू शकतो किंवा काळा. ते दिसत नाही एवढंच. फ्रान्समधल्या नान्सी शहरात ल्युसियाँ क्युएनो यांनी लहान जातीच्या उंदरांवर हा हिशेब विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीलाच मांडला. मेंडेलचे नियम तेव्हा नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि ते फक्त वाटाण्यापुरते आहेत की जनावरांनाही लागू आहेत, यावर वाद चालू होता. समजा करडे दिसणारे आईबाप आहेत आणि दोघांच्याही अंगात काळ्याची एक आणि पांढऱ्याची एक प्रत लपलेली आहे. त्यांच्या पिल्लांत सोळाला नऊ करडी, तीन काळी, चार पांढरी असं प्रमाण पडतं. उंदरीण एका वेळी साधारण दहाच्या आसपास पिल्लं घालते, तेव्हा एका वेतात हे आकडे शोधू नयेत. अनेक वेतं मोजली की ते उमटतात. या चार पांढऱ्यांपैकी तीन आतून करडे असतात आणि एक आतून काळा. बघून कोण कुठला ते सांगता येत नाही. काळ्याशी जोडी लावली की कळतं.

इथवर रंग झाले. नक्षी अजून बाकी आहे, आणि माझ्या मते उंदराच्या अंगावरचं सगळ्यात सुंदर प्रकरण ते आहे.

हौशी उंदीरपालकांचा जुना आणि आवडता प्रकार म्हणजे डोकं, मान, खांदे रंगीत, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत एक रंगीत पट्टा, आणि बाकी अंग पांढरं. इंग्रजीत याला ‘हूडेड’ म्हणतात. मला तो बघितला की तान्ह्या बाळाचं टोपडं आठवतं. डोक्यावरून खांद्यापर्यंत आलेलं, मागे बंद सोडलेलं. म्हणून इथे टोपडंच म्हणतो.

टोपडं पडतं कारण रंगपेशी जागच्या नाहीत, त्या चालत येतात. गर्भात त्या पाठीच्या मध्यरेषेवर, पुढे ज्यातून मज्जारज्जू बनतो त्याच्या काठावर तयार होतात. तिथून दोन्ही कुशींनी खाली पोटाकडे जातात, डोक्याकडे वेगळ्या तुकड्या जातात. वाटेत वाढतात, संख्या वाढवतात आणि जिथे पोचतील तिथली कातडी रंगवतात. या प्रवासाला शिधा लागतो, म्हणजे रासायनिक संकेत लागतो. तो घेण्याची सोय ‘किट’ नावाच्या जनुकातून होते. किटचा जोर कमी पडला तर पेशी अर्ध्यात थांबतात. सगळ्यात लांब काय? पोट. म्हणून जनावरांत पांढरं पहिल्यांदा येतं ते पोटावर, पायांवर, कपाळावर. बैलाच्या कपाळावरचा चांद आणि घोड्याच्या पायातले पांढरे मोजे ही याच अपुऱ्या प्रवासाची खूण. टोपड्याच्या उंदरात पेशी डोक्यावर पोचल्या, पाठीवर राहिल्या, कुशीतून उतरल्याच नाहीत.

किटचा जोर कमी कशानं पडला? जपानमध्ये क्योटोच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये उत्तर छापलं, ते असं की या जनुकाच्या आत एक विषाणू येऊन बसलाय. जिवंत विषाणू नव्हे. कधीकाळी एखाद्या उंदराच्या बीजपेशीत घुसलेल्या विषाणूचा डीएनए तिथेच अडकून पडला आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशानं येत राहिला. लांबी सात हजार अक्षरांच्या वर. हौशी लोक ज्याला ‘आयरिश’ म्हणतात, म्हणजे सगळं अंग रंगीत आणि फक्त पोटावर पांढरा डाग, त्या उंदरात नेमक्या त्याच जागी त्याच विषाणूचं शेपूट तेवढं उरलंय, हजाराच्या आतबाहेर अक्षरांचं. बाकीचा विषाणू गळून गेला, किटला थोडा श्वास मिळाला, रंगपेशी जवळजवळ पोटापर्यंत पोचल्या. अंगावरचा डाग केवढा, हे आत विषाणू किती उरलाय यावर ठरतं.

याच शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रयोगशाळांतले १७२ वंश तपासले. त्यातले ११७ पांढरे होते. त्या ११७ ही वंशांत टायरोसिनेजचा एकच बिघाड निघाला, तोच २९९ व्या जागेवरचा. म्हणजे जगभरच्या या सगळ्या पांढऱ्या उंदरांचा एकच पूर्वज. हे तरी अपेक्षेच्या टप्प्यात होतं. पुढचं नव्हतं. त्या ११७ पैकी प्रत्येकाच्या किट जनुकात तो विषाणूही सापडला. एकही अपवाद नाही. प्रत्येक पांढरा उंदीर पांढऱ्याच्या खाली टोपडं घालून बसलेला आहे. पहिला पांढरा उंदीर कुठल्या गटारातून पकडलेला रानटी नव्हता, तो कुणाच्या तरी पिंजऱ्यातल्या टोपडेवाल्या उंदरांच्या पोटी आला होता. हौस आधी, विज्ञान नंतर.

धानाच्या मुलुखात याला एक जोड आहे. रानधानाच्या दाण्यावरचा कोंडा लाल असतो. पांढरा तांदूळ ही माणसानं निवडलेली चूक आहे. आर-सी नावाच्या जनुकातून १४ अक्षरं गळाली आणि लाल रंग गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत जगभरातल्या पांढऱ्या तांदळाच्या वाणांपैकी ९७.९ टक्के वाणांत हीच १४ अक्षरं गळालेली आढळली. मिलमधून येणाऱ्या पोत्यातला बहुतेक दाणा कुठल्यातरी एका जुन्या रोपाचा वारस आहे, आणि प्राणिगृहातला पांढरा उंदीर एका उंदराचा. आपल्याला पांढरं आवडलं की आपण ते कुठल्या कुठे पोचवतो.

मग हौस कुणाची होती? जपानमध्ये अठराव्या शतकातच उंदीर पाळण्याचा नाद लागला होता. १७७५ आणि १७८७ साली तिथे त्यावर पुस्तकं छापली गेली आहेत, रंगीबेरंगी जोड्या कशा लावाव्यात यासकट. युरोपात मात्र गोष्ट रक्तातून सुरू होते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये खड्ड्यात शेकडो उंदीर सोडायचे, त्यावर कुत्रा सोडायचा आणि तो किती मिनिटांत किती मारतो यावर पैसे लावायचे, असा खेळ चाले. त्यासाठी उंदीर पकडून पुरवणाऱ्यांचा धंदा जोरात होता. त्यातला जॅक ब्लॅक स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीरमाऱ्या म्हणवून घ्यायचा. पट्ट्यावर ओतीव धातूचे उंदीर लावून तो रस्त्यावर उभा राही. हेन्री मेह्यू या पत्रकारानं लंडनच्या गरिबांवरच्या आपल्या ग्रंथात त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. पकडलेल्यांत कुणी विचित्र रंगाचा निघाला की ब्लॅक तो मारायचा नाही, बाजूला ठेवायचा, जोड्या लावायचा आणि बाळं मोठ्या घरच्या मुलींना विकायचा. त्या मुली ती खारीच्या पिंजऱ्यात ठेवत. ज्याचं पोट उंदीर मारण्यावर, त्यानंच उंदीर जपले. पुढे १९०१ मध्ये मेरी डग्लस या बाईंनी एल्झबरीच्या प्रदर्शनात, लहान उंदरांच्या क्लबाला गळ घालून, मोठ्या उंदरांचा वर्ग उघडायला लावला आणि पहिलं बक्षीस त्यांच्याच काळ्या-पांढऱ्या उंदरानं नेलं. नंतर हा नाद थंडावला. खास उंदरांची संघटना ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये निघाली.

तोवर पांढरा उंदीर प्रयोगशाळेत स्थिरावला होता. १८५६ मध्येच फ्रान्समध्ये त्याच्यावर शस्त्रक्रियेचे प्रयोग झालेले आहेत. १९०६ मध्ये शास्त्रज्ञ हेन्री डोनाल्डसन फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत आले, येताना पांढरे उंदीर घेऊन. आज आपल्याकडच्या फार्मसीच्या प्रबंधांत पानोपानी ‘विस्टार’ शब्द असतो तो त्या संस्थेवरून. १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात लाँग आणि एव्हान्स यांनी विस्टारच्या पांढऱ्या माद्या एका रानटी करड्या नराशी जुळवल्या. एक बाजू शुद्ध पांढरी, एक बाजू शुद्ध करडी. पुढच्या पिढ्यांतून जो वंश त्यांनी उभा केला, तो टोपडेवाला. जगभर त्याला लाँग-एव्हान्स म्हणतात. रानटी नरानं चालू मोटार आणून दिली, आणि आईच्या पांढऱ्याखाली दडलेलं टोपडं उजेडात आलं. पूर्ण खुलासा व्हायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली.

टोपड्याचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हार्वर्डचे विल्यम कॅसल यांनी टोपडेवाल्या उंदरांच्या दोन ओळी चालवल्या. एकीत दर पिढीला जास्तीत जास्त काळे निवडायचे, दुसरीत जास्तीत जास्त पांढरे. हजारो उंदीर झाले. एका ओळीचं टोपडं पसरत पसरत सगळी पाठ झाकून बसलं, दुसऱ्या ओळीचं आकसून डोक्यापुरतं राहिलं. कॅसल म्हणाले, निवडीनं जनुकच बदलला. विरोधक म्हणाले, जनुक तोच आहे, आजूबाजूचे छोटे जनुक गोळा झालेत. शेवटी कॅसल यांनीच दोन्ही ओळी रानटी उंदरांशी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिल्या. टोपडी परत एकमेकांसारखी व्हायला लागली. विरोधकांचं बरोबर होतं. १९१९ मध्ये कॅसल यांनी आपली चूक छापून मान्य केली. नामांकित माणसानं स्वतःच्याच उंदरांकडून हार पत्करावी आणि ती लिहून द्यावी, ही गोष्ट विद्यार्थ्यांना जनुकाच्या व्याख्येआधी सांगायला हवी.

आता गुणाकडे. पाठीच्या रेषेवरून निघणाऱ्या ज्या पेशींतून रंगपेशी होतात, त्यांच्याच भावंडांतून आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशीही होतात. आतडं अन्न पुढे ढकलतं ते त्यांच्या जोरावर. उंदरांत एका वेगळ्या जनुकातली ३०१ अक्षरं गळाल्यानं जवळजवळ पूर्ण पांढरं, काळ्या डोळ्यांचं देखणं पिल्लू जन्मतं. रंगपेशी चालल्या नाहीत म्हणून ते पांढरं. पण भावंडंही चालली नाहीत. आतड्याचा शेवटचा भाग हलत नाही, पोट फुगत जातं आणि काही आठवड्यांत पिल्लू मरतं. माणसाच्या बाळांतही हा आजार होतो, त्याला हर्षस्प्रुंग म्हणतात. तिथे शस्त्रक्रिया करून वाचवता येतं. उंदराच्या पिल्लाला कोण वाचवणार?

दुसरं उदाहरण फिक्या बदामी टोपड्याच्या एका वंशाचं. रंग मोहक, डोळे माणकासारखे. त्यातला बिघडलेला जनुक रंगद्रव्याचे कण पॅक करण्याचं काम करतो आणि तोच रक्तातल्या बिंबिकांमधलेही कण पॅक करतो. म्हणून या उंदराला जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही. डोळ्यांत रंग नसलेल्या साध्या पांढऱ्यालाही सूट नाही. त्याची नजर रंगीत उंदराच्या निम्म्यानं असते आणि सतत प्रखर उजेडात ठेवला तर डोळ्याचा पडदाच जळतो. प्राणिगृहात मांडणीच्या सगळ्यात वरच्या, दिव्याजवळच्या कप्प्यात पिंजरा ठेवू नये, असं सांगतात ते यासाठी. पांढरा उंदीर डोकं डावीकडे-उजवीकडे झुलवताना दिसतो, त्याला लोक नाचतोय म्हणतात. तो अंतराचा अंदाज घेत असतो.

सगळेच रंग असे महागात पडत नाहीत. साधा काळा, साधं टोपडं, आयरिश हे धडधाकट प्रकार आहेत. सख्ख्या भावाबहिणीच्या जोड्या म्हणजे नाश असंही सरसकट म्हणता येत नाही. विस्टार संस्थेत हेलन डीन किंग यांनी १९०९ पासून पंचवीसहून अधिक पिढ्या भावाबहिणीच्या जोड्या लावल्या आणि उंदीर दणकट राहिले. पण त्यांच्याकडे निवडीला शेकडो उंदीर होते आणि कमजोर ते सगळे बाजूला काढले जात. घरी दोन पिंजरे ठेवून तिसऱ्या रंगाच्या मागे लागणाऱ्याकडे ती चैन नसते. तो रंगाला निवडतो, म्हणजे बाकी सगळं निवडायचं सोडून देतो.

आपल्याकडे उंदरांचा बाजार लहान आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी पांढरे-टोपडेवाले मिळतात आणि आता ‘दुर्मीळ’ म्हणून निळसर, सयामी, कुरळ्या केसांचे असे प्रकारही दाखवले जातात. दुर्मीळ म्हणजे बहुतेक वेळा एवढंच की दोन अप्रभावी प्रती एकत्र आल्या, आणि त्या आणायला जवळच्या नात्यात जोड्या लावल्या. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या केंद्रीय नियमांत कुत्र्या-मांजरांबरोबर उंदरांचंही नाव आहे आणि दुकानाची राज्य मंडळाकडे नोंदणी लागते, हे किती गिऱ्हाइकांना ठाऊक आहे? नर-माद्या एकाच पिंजऱ्यात ठेवून विकणारे तर सर्रास दिसतात. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिची पिल्लंही जोडीला तयार होतात. मग दिवाळीला आणलेली एक जोडी होळीपर्यंत पिंजऱ्यात मावत नाही. आणि कुणीतरी दयाळूपणानं ती बांधीत सोडून येतो. पांढरा उंदीर धानात सोडणं ही दया नव्हे. पहिल्या रात्री गव्हाणी घुबड त्याला उचलतं, कारण काळ्या मातीवर तेवढाच एक चमकत असतो.

तरीही पाळायचाच असेल तर जरूर पाळा. उंदीर हुशार असतो, माणूस ओळखतो, खांद्यावर बसून भुईमुगाचे दाणे खातो. दोन माद्या किंवा दोन नर घ्या, एकटा ठेवू नका, लहान मुलांना तो हाताळल्यावर हात धुवायला लावा. जगतो तो दोन-तीन वर्षंच. दुकानात रंगाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. ते वाचून झालं की पैसे काढण्याआधी विचारा, याचे आईबाप किती महिने जगले आणि कशानं गेले. उत्तर आलं नाही तर तो पिंजरा तिथेच राहू द्या.